परमिट रूम, दोन पानं आणि भरलेला इसवण

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. दरवेळी सुरुवात करायचो आणि काहीतरी राहून जायचं. परवा माळा आवरताना काकांची जुनी पिशवी सापडली, तिच्यात कळंगुटच्या एका हॉटेलचं बिल निघालं आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

आमचं घर येरवड्याचं. जेल रोडवर वाढलेल्या मुलाला दोन गोष्टींचं नवल कधीच वाटत नाही, एक तुरुंगाच्या भिंतीचं आणि दुसरं परमिट रूमचं. पुण्याबाहेरच्यांना, त्यातून महाराष्ट्राबाहेरच्यांना हा शब्द सांगितला की ते गोंधळतात. खोली कसली आणि परमिट कशाचं? बाहेर रंगीत पाटी, आत जायचं तर जाड पडदा बाजूला करायचा, खिडक्यांना काळ्या काचा, आत मिणमिणता लाल दिवा, कोपऱ्यात माशांची टाकी. शेजारी वेगळं दार आणि त्यावर 'फॅमिली रूम'. म्हणजे फॅमिली आणि बाकीची माणसं अशा दोन जाती. आमचे काका त्या दुकानांवरून जाताना छत्री त्या बाजूला धरत, ऊन असो की पाऊस :)

हा शब्द आला कायद्यातून. मुंबई प्रांतात काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग केला तो १९३९ साली. मग स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोरारजीभाईंच्या राज्यात तो कडकपणे राबवला गेला. ज्याला प्यायचीच असेल त्याने परवाना काढायचा. कशासाठी? तर आरोग्य टिकवण्यासाठी! तब्येतीला बरी म्हणून दारू घेणारे किती सुदृढ नागरिक तेव्हा असतील, देव जाणे. १९६३ नंतर, वसंतराव नाईकांच्या काळात कायदा सैल झाला, दुकानं उघडली, पण कायदा गेला नाही. आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. दुकानदार एक दिवसाचा परवाना फाडून देतो किंवा फाडल्यासारखं करतो. पडदा आणि काळी काच ही त्या कायद्याचीच पोरं. बंदी उठली, पण लपायची सवय राहिली.

असो. गोष्ट काकांची आहे.

काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. जन्म १९३३ चा. लग्न केलं नाही, शाळेत इतिहास शिकवला, राष्ट्र सेवा दलात वाढले, खादी शेवटपर्यंत सोडली नाही. आमचं मूळ मालवणकडचं, त्यामुळे मासे मात्र त्यांनी सोडले नाहीत. गांधीजी आणि बांगडा यांच्यात निवड करायची वेळ देवाने आणली नाही, असं ते म्हणायचे.

त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. आम्ही लहानपणी त्याची नक्कल करायचो आणि आजीचा मार खायचो. ते दुखणं होतं १५ ऑगस्ट १९५५ चं. गोव्याच्या सत्याग्रहासाठी पुण्यात जयंतराव टिळकांच्या पुढाकाराने गोवा विमोचन सहायक समिती झाली होती. त्या वर्षी १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. मग ओघच लागला. १५ ऑगस्टला तर हजारो लोक वेगवेगळ्या नाक्यांवरून एकाच वेळी हद्दीत शिरले. हातात तिरंगा, बाकी काही नाही. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पत्रादेवीला पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल पडले, तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. काका बांद्याच्या बाजूने पत्रादेवीला गेलेल्यांत होते. वय बावीस. भर पावसात, चिखलात बंदुकीच्या दस्त्याचा घाव खांद्यावर बसला आणि त्यांना हद्दीच्या अलीकडे लोटून दिलं. गोव्याच्या मातीत त्यांचा मुक्काम किती, तर सांगायचे, "अर्धा तास. त्यातला निम्मा पालथा."

त्यांनी गोवा पुन्हा पाहिला तो १९६७ च्या जानेवारीत आणि त्याची गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती.

२००७ च्या नोव्हेंबरात आम्ही गोव्याला निघालो. मी, बायको, मुलगी आणि काका. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. यायला तयार होतील असं वाटलं नव्हतं. कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी असं करत बांद्याला आलो. पत्रादेवीच्या स्मारकापाशी गाडी थांबवायला सांगितली. पाचेक मिनिटं उभे राहिले. मुलीने विचारलं, "आजोबा, इथे?" तर म्हणाले, "थोडं पुढे. तिथे आता टपरी आहे."

कळंगुटला दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला सौझा लोबोमध्ये गेलो. गोव्याला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे नाव ठाऊक असेल. अगदी वाळूवर उघडणारी जागा, टेबलावरून उठून चार पावलं टाकली की पाय समुद्रात. मला तिथे न्यायचं होतं ते भरलेल्या इसवणासाठी. इसवण म्हणजे आपली सुरमई. अख्खा मासा, पाठीतून चिरून आत लाल रेशाद मसाला ठासलेला. ती चव पुण्यात होत नाही. मसाला वाटताना त्यात माडीचं व्हिनेगर पडतं, तिथे आपण चिंच किंवा कोकम घालतो, फरक तिथेच पडतो.

काका दारातच थांबले. आत बार दिसत होता. बाटल्या रांगेने मांडलेल्या, पडदा नाही, काच नाही. एका टेबलावर आजीबाई नातवाला भात भरवत होत्या आणि त्याच टेबलावर त्यांच्या मुलाचा ग्लास होता. काकांनी आयुष्यात दारू मिळते अशा जागी पाऊल टाकलं नव्हतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, गेली आपली सुरमई.

पण त्यांचं लक्ष पाटीकडे होतं. नावासोबत साल होतं, १९३२.

"बत्तीस," म्हणाले. "म्हणजे महात्माजींचं उपोषण चालू होतं तेव्हा इथे जेवण चालू होतं." आणि आत येऊन बसले.

येरवड्याच्या माणसाला १९३२ हे साल सांगावं लागत नाही. जानेवारीत गांधीजींना पकडून आमच्या तुरुंगात आणलं. २० सप्टेंबरला त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध उपोषण सुरू केलं, २४ ला डॉ. आंबेडकरांना करारावर सही करावी लागली, २६ ला रवींद्रनाथांच्या उपस्थितीत उपोषण सुटलं. आमचे आजोबा त्या दिवसांत कामावरून येताना तुरुंगाच्या कोपऱ्यावर थांबून बातमी विचारूनच घरी यायचे. त्याच वर्षी जुलैत तिकडे लिस्बनमध्ये सालाझार पंतप्रधान झाला आणि छत्तीस वर्षं हलला नाही. काकांच्या खांद्यावर पडलेला दस्ता शेवटी त्याचाच. येरवड्यातलं उपोषण, लिस्बनमधली खुर्ची आणि कळंगुटच्या वाळूवरची खानावळ एकाच वर्षातली, हे त्या पाटीपाशी उभं राहीपर्यंत माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हाचं कळंगुट म्हणजे शॅक आणि पर्यटक नव्हे. विमानं नव्हती, हिप्पी यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती. मे महिन्यात गोव्यातली खातीपीती कुटुंबं खाऱ्या पाण्याच्या स्नानासाठी समुद्राकाठी येऊन राहायची, हवापालट म्हणून. मुंबईत, आफ्रिकेत किंवा बोटीवर नोकरी करणारे बार्देसकर सुटीवर यायचे. त्यांना जेवायला, संध्याकाळी बसायला जागा हवी. घरच्यांसोबत समुद्राकडे तोंड करून बसायचं, वाटलं तर फेणी, वाटलं तर वाईन, नाहीतर नुसती आमटी-भात. आपल्याकडे परमिट रूममध्ये माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो. मला वाटतं एवढा एक फरक जरी कुणी नीट अभ्यासला तरी दोन राज्यांचा इतिहास हाती लागेल.

वेटरने विचारलं, ड्रिंक्स? टेबलावर शांतता. मी चाळीशी ओलांडलेली होती, महिन्यातून एक-दोनदा बियर घ्यायचो आणि काकांना ते माहीत नाही असं समजून चालायचो. ते मला माहीत असल्याचं दाखवत नसत. घराघरांत असतंच हे. मी चटकन म्हटलं, "चार लिंबू-सोडे."

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच जेवत होते. काकांच्याच वयाचे, पांढरा शर्ट, समोर काजू फेणीचा छोटा ग्लास. आमचं मराठी ऐकून त्यांनी विचारलं, कुठले? येरवडा म्हटल्यावर हसले. "पुण्याचें? तुरुंगवालें येरवडा?" काका म्हणाले, तेच. मग दोघांची कोकणी-मराठी अशी सरमिसळ सुरू झाली. ते तिथलेच, नोकरीची बरीच वर्षं मुंबईत गेलेली. या जागी लहानपणी वडिलांबरोबर येत असत.

माझ्या मनात एक चित्र तयार झालं होतं. इकडे काका चिखलात पालथे पडलेत आणि त्याच वेळी इथे कुणीतरी मासे खातंय. लेखात घालायला किती छान! मी विचारलंसुद्धा, १५ ऑगस्टला इथे काय चाललं असेल? ते म्हणाले, कसलं काय, पावसाळा. ऑगस्टात समुद्र अंगावर येतो. झावळ्या बांधून सगळं बंद. तो दिवस त्यांना आठवत होता तो रेडिओमुळे आणि चर्चमुळे, १५ ऑगस्टला त्यांच्याकडे मारियेचा सण असतो. गोळीबाराचं कानावर आलं, मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती, एवढंच.

त्यानंतरचे दिवस मात्र त्यांनी नीट सांगितले. भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली. तारेपलीकडून बेळगावचा भाजीपाला बंद झाला. गोव्याने मग बटाटे हॉलंडमधून मागवले आणि चहा सिलोनमधून. "बेळगांव इतलें लागीं आनी बटाटे हॉलंडाचे!" ते हसत म्हणाले. त्यांच्या आईला ते बटाटे आवडायचे नाहीत, पाणचट वाटायचे. काका ऐकत होते. कोंडी हा शब्द त्यांनी शाळेत पोरांना पंचवीस वर्षं शिकवला असेल, त्यात कुणाच्या आईचा पाणचट बटाटा असतो हे बहुधा त्यांना पहिल्यांदाच समजत होतं.

१९६१ च्या डिसेंबरात सैन्य शिरलं, १९ तारखेला गोवा मोकळा झाला. तेवढ्यावर दोघांचंही एकमत होतं. मग काकांनी एकदम विचारलं, "सदुसष्टला तुम्ही कुणाला मत दिलंत?"

नव्या वाचकांसाठी सांगतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. स्वतंत्र भारतात असा तो एकच. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहायची खूण दोन पानं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी राजीनामा दिला होता. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा महाराष्ट्रात आला नाही.

"दोन पानांक," ते म्हणाले.

"मी फुलासाठी पंधरा दिवस पेडण्यात फिरलो," काका म्हणाले.

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. बायकोही. खांदा अख्ख्या गल्लीला माहीत होता, हे कुणालाच नाही. हरलेली गोष्ट काका सांगत नसत.

"का पण?" काकांचा आवाज जरा चढला होता. "आम्ही लाठ्या खाल्ल्या. गोळ्या खाल्ल्या. आणि तुम्ही म्हणता, नको?"

त्या गृहस्थांनी घाई केली नाही. माशाचा काटा बाजूला काढला. मग म्हणाले, तुम्ही आलात ते उपकार आहेत, ते विसरलेलो नाही. पण पाहुणा मदतीला धावून आला म्हणून घर त्याच्या नावावर करत नाहीत. मोठ्या राज्यात आम्ही एक जिल्हा झालो असतो. नोकऱ्या रत्नागिरी-कोल्हापूरच्या लोकांना. कोंकणीला कुणी विचारलं नसतं. "आनी हें," असं म्हणून त्यांनी फेणीचा ग्लास बोटाने किंचित पुढे सरकवला. "तुमचो कायदो. हें बंद जातलें आशिल्लें."

मला वाटलं काका आता उठतात. दारूबंदीचा मुद्दा कौलाच्या प्रचारात होता, हे नंतर मीही वाचलं. महाराष्ट्रात गेलात तर बंदी येईल, बागायतदाराचा आणि फेणी गाळणाऱ्याचा धंदा बसेल, असं सांगितलं जायचं. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, पण त्याच्या बोंडावर चार शतकं गोव्याचे लोक जगले. मार्च ते मे भट्ट्या लागतात, पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. माडावर चढणारा रेंदेर, भट्टीवाला, पदेराच्या पावात आंबवणाला माडी घालणारा, हे सगळे त्या ग्लासामागे उभे होते. पेडण्याच्या सभांतून फिरताना काकांनी हा मुद्दा हसण्यावारी नेला असणार. दारूसाठी कुणी राज्य नाकारतं का, असं.

"तुमचा तो 'राष्ट्रमत'," काका शेवटी म्हणाले, "मराठीत लिहून मराठी राज्याला नको म्हणायचा. उदय भेंब्र्यांचं सदर मी रोज वाचायचो. दात-ओठ खात वाचायचो. भाषा मात्र उत्तम."

"म्हणूनच तुमकां समजलें," ते म्हणाले आणि दोघेही थोडे हसले. पूर्ण नाही, थोडे.

तेवढ्यात इसवण आला. काकांनी पहिला घास घेतला, मग दुसरा. बराच वेळ कुणी बोललं नाही. ते दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. किनारा जिथे संपतो तिथे आग्वादची टेकडी दिसते. नानासाहेब गोरे, मधू लिमये आणि बाकीचे सत्याग्रही त्या किल्ल्याच्या तुरुंगात होते. दहा-बारा वर्षांच्या शिक्षा झालेल्या, १९५७ मध्ये सुटले. काका तिथवर पोहोचलेच नाहीत, त्यांना हद्दीवरूनच हाकललं, आणि याची त्यांना आयुष्यभर थोडी लाज वाटायची. आम्ही गेलो तेव्हा तिथे साधा चालू तुरुंग होता, आत सोडत नव्हते. २०१५ मध्ये कैदी कोलवाळला हलवले आणि डिसेंबर २०२१ पासून तिथे संग्रहालय आहे. मी पुढच्या वर्षी पाहून आलो. काकांना पाहायला मिळालं नाही, ते २०१३ मध्ये गेले.

मासा निम्मा संपल्यावर काकांनी वेटरला हाक मारली. वाटलं पाणी हवंय.

"ह्याला एक बियर आणा," माझ्याकडे बोट करून म्हणाले.

माझा चेहरा कसा झाला असेल ते बायको अजून करून दाखवते. मी काहीतरी पुटपुटलो. काका माशाकडे बघतच म्हणाले, "प्यायचीच असेल तर उजेडात पी. पडद्याआड जाऊन काय करतोस ते मला काय कळत नाही?"

बियर आली. काकांसमोर पहिला घोट घेताना जी चव लागली तिचं वर्णन करणार नाही, कारण लागलीच नाही. अर्धी तशीच राहिली. काकांनी स्वतः त्या दिवशीही लिंबू-सोडाच घेतला आणि नंतर आयुष्यभर तेच. दारूबंदी चूक होती असं ते कधी म्हणाले नाहीत. येरवड्याच्या झोपडपट्टीतल्या बायकांच्या मोर्च्यात ते पंचाहत्तरीतही गेले, दारूचं दुकान बंद करा म्हणून. त्या बायकांचं खरं होतं आणि फेणीचा ग्लास सरकवणाऱ्याचंही खरं होतं, ही अडचण त्यांनी सोडवली नाही. मलाही सुटलेली नाही.

बिल काकांनी दिलं, कुणाचं ऐकलं नाही. शेजारच्या गृहस्थांचंही द्यायला निघाले होते, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. निरोप घेताना काकांनी हात पुढे केला, डावा, बहुतेक मुद्दाम.

परतताना पुन्हा पत्रादेवी, पुन्हा बांदा. हद्द ओलांडल्यावर तपासणी नाका लागला. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणायला मनाई, म्हणून गाड्या बघतात. खाकी वेशातल्या पोराने खिडकीतून डोकावून विचारलं, "दारू आहे का?" पुढच्या सीटवर खादीतले काका. त्यांनी चष्मा वर केला.

"पंचावन्न साली मला तिकडे जाताना अडवलं," ते त्याला म्हणाले, "आता इकडे येताना."

पोराला काही कळलं नाही. त्याने डिकी उघडायला लावली. आत काजू, बेबिंक आणि बायकोने म्हापशाच्या बाजारातून घेतलेली, कागदात गुंडाळलेली एक लेबल नसलेली बाटली. त्याने ती विजयी मुद्रेने बाहेर काढली, बूच काढलं आणि खोल वास घेतला. माडीचं व्हिनेगर. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

काका खांदा धरून हसत होते. गाडी आंबोलीचा घाट चढेपर्यंत थांबले नाहीत.